सौरवादळ नसतानाही बिघडणारी संध्याकाळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे २०२४ मध्ये मोठे भूचुंबकीय वादळ आले, तेव्हा लडाखमधल्या हानले येथून टिपलेल्या लाल आकाशाची छायाचित्रे बहुतेक वृत्तपत्रांत झळकली. ‘अवकाश हवामान’ हा विषय त्यानिमित्ताने घराघरांत पोहोचला, याचा आनंदच आहे. पण त्या बातम्यांमुळे एक समज पक्का होत चालला आहे. सूर्यावर स्फोट झाला की दोन-तीन दिवसांनी उपग्रह आणि रेडिओ यांना त्रास होतो, आणि सूर्य शांत असेल तर इथेही सगळे शांत असते, असा तो समज. चुंबकीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात त्या रेषेच्या) दोन्ही अंगांना पसरलेल्या पट्ट्यात, म्हणजे पेरू-ब्राझीलपासून आफ्रिका, भारत आणि आग्नेय आशियापर्यंत, तो खरा ठरत नाही. या पट्ट्यात उपग्रहांचे संदेश सर्वात जास्त बिघडतात ते सूर्यास्तानंतरच्या चार-पाच तासांत, आणि बहुतेकदा सूर्यावर काहीही घडलेले नसताना. हा बिघाड वादळाच्या इशाऱ्यांवरून ओळखता येत नाही. त्यासाठी आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातल्या, प्लाझ्माचे (आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांच्या मिश्रणाचे) स्वतंत्र संगणकीय सिम्युलेशन लागते, आणि ते रोज संध्याकाळी त्याच दिवसाची मोजमापे घालून चालवावे लागते.

मुळात घडते काय? साधारण ९० ते १५० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा ई थर असतो आणि त्याच्या वर, २०० ते ५०० किलोमीटरच्या दरम्यान, एफ थर. सूर्य मावळताच ई थरातले रेणूंचे आयन इलेक्ट्रॉनशी झपाट्याने जुळतात आणि तो थर जवळजवळ नाहीसा होतो. एफ थरात ऑक्सिजनचे अणुआयन असतात, त्यांना विरायला वेळ लागतो. पण त्या थराचा तळ मात्र खालच्या दाट हवेमुळे कुरतडला जातो. परिणामी खाली विरळ आणि वर घट्ट प्लाझ्मा अशी, तेलावर पाणी ओतून ठेवल्यासारखी, अस्थिर रचना तयार होते. प्लाझ्मा चुंबकीय रेषांना बांधलेला असल्याने तो सरळ खाली कोसळत नाही. गुरुत्वाकर्षणामुळे आडवा, पूर्वेकडे जाणारा विद्युतप्रवाह निर्माण होतो. थराच्या तळाला जरासा बाक आला की त्या बाकाच्या दोन्ही भिंतींवर विरुद्ध प्रभार साचतात, विद्युतक्षेत्र तयार होते आणि तेच क्षेत्र विरळ प्लाझ्माला आणखी वर ढकलते. वर गेलेला विरळ भाग आणखी वेगाने वर जातो. यालाच प्लाझ्मा बुडबुडा म्हणतात. त्याच्या आत इलेक्ट्रॉनांची घनता आजूबाजूच्या तुलनेत शंभरपट, कधी हजारपट कमी असते आणि त्याचा माथा १००० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो.

याला संध्याकाळचीच वेळ का, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण अंदाजाची किल्ली तिथेच आहे. दिवसा ई थर चांगला वाहक असतो आणि एफ थरात वाऱ्यामुळे निर्माण होणारे विद्युतक्षेत्र तो दाबून टाकतो. सूर्यास्ताला तो आधार सुटतो. मग पूर्वाभिमुख विद्युतक्षेत्र रात्रीसाठी उलटण्यापूर्वी थोडा वेळ उसळी घेते आणि संपूर्ण एफ थर सेकंदाला २० ते ५० मीटर वेगाने वर चढतो. सेकंदाला ३० मीटरचा वेग तासभर टिकला तर थर १०८ किलोमीटर वर जातो.

या चढाईचा परिणाम आकड्यांत पाहू. अस्थिरतेच्या वाढीचा दर ढोबळमानाने गुरुत्वत्वरण भागिले आयन आणि हवेच्या कणांच्या टकरींची वारंवारता आणि थराच्या तळाशी घनता ज्या अंतरात चढते ते अंतर यांचा गुणाकार, असा निघतो. ३५० किलोमीटरच्या आसपास गुरुत्वत्वरण सुमारे ९ मीटर प्रति सेकंद वर्ग, टकरी सेकंदाला ०.५ आणि अंतर २० किलोमीटर धरले, तर दर येतो सेकंदाला ०.०००९. म्हणजे तळावरचा बाक दर १८-१९ मिनिटांनी सुमारे २.७ पट होतो. आता थर ५०-६० किलोमीटर खाली असता तर? तिथली हवा जवळपास तितक्याच पटीने दाट, टकरी तितक्याच जास्त, आणि तीच वाढ व्हायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागला असता. तोवर तळच विरून जातो. एका संध्याकाळी बुडबुडे उठतात आणि दुसऱ्या संध्याकाळी उठत नाहीत, यामागे बऱ्याचदा थराच्या उंचीतला एवढाच फरक असतो.

या घटनेचा अभ्यास जुना आहे. पेरूतल्या वान्कायो येथे बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्ये रात्रीच्या एफ थराचे पसरट, विस्कटलेले प्रतिध्वनी प्रथम नोंदवले. थुंबा हे अग्निबाणांच्या उड्डाणासाठी निवडले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले उड्डाण झाले, तेही चुंबकीय विषुववृत्ताजवळचे ठिकाण म्हणूनच. १९७६ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. पेरूतल्याच हिकामार्का रडारच्या नोंदींत वुडमन आणि ला होझ यांना वर चढणारे तुरे स्पष्ट दिसले. त्याच वर्षी स्कॅनापिएको आणि ओसाको यांनी संगणकावर पहिल्यांदा बुडबुडा थराच्या तळातून उठून वरच्या भागात शिरताना दाखवला. ते सिम्युलेशन द्विमितीय होते. आज सॅमी-३ सारखी त्रिमितीय प्रारूपे आहेत, आणि जपानमध्ये किलोमीटरभर किंवा त्याहून बारीक जाळीवर बुडबुड्याच्या फांद्या फुटताना दाखवणारे प्रारूपही तयार झाले आहे. म्हणजे भौतिकी बरीचशी हाती आहे. ‘आज संध्याकाळी, आपल्या रेखांशावर’ या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून भरवशाने देता येत नाही. ते का, हे प्रारूपाच्या आत डोकावल्याशिवाय कळणार नाही.

अशा प्रारूपात हवेची घनता आणि तापमान, वारे, आणि प्लाझ्माचा दिवसभराचा ऊर्ध्व वेग आधी द्यावा लागतो. ही माहिती सहसा अनुभवजन्य प्रारूपांतून घेतात: हवेसाठी एमएसआयएस, वाऱ्यांसाठी एचडब्ल्यूएम, वेगासाठी फेयर-शर्लिस. ही तिन्ही सरासरी सांगतात. मार्चमधली नेहमीची संध्याकाळ त्यांना ठाऊक असते, आजची नसते. पुढे आयनांच्या प्रत्येक जातीचे सातत्य समीकरण (किती आयन आले, गेले, तयार झाले, विरले याचा हिशेब) चुंबकीय रेषांच्या दिशेने आणि त्यांना आडवे सोडवले जाते. प्रत्येक टप्प्यावर ‘कुठेही प्रभार साचू नये’ या अटीवरून विद्युतविभव काढले जाते. चुंबकीय रेषेच्या दिशेने वाहकता प्रचंड असल्यामुळे संपूर्ण रेषेवर विभव एकच मानतात आणि रेषेच्या लांबीवर वाहकतेची बेरीज करतात. इथे एक गोष्ट हमखास निसटते. विषुववृत्तावर ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारी रेषा उत्तरेला आणि दक्षिणेला साधारण १२ अंश चुंबकीय अक्षांशावर ई थरात उतरते. त्या दोन टोकांना ई थर अजून शिल्लक असेल, तर बुडबुड्याच्या भिंतींवर साचलेला प्रभार तिथून निचरून जातो आणि वाढ मंदावते. दोन्ही टोकांना सूर्यास्त एकाच वेळी होणे म्हणूनच महत्त्वाचे. भारताच्या रेखांशावर ते मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घडते आणि बुडबुड्यांचा हंगामही तोच. उत्तर-दक्षिण वाहणारा वाराही एका टोकाला थर खाली दाबून वाढ रोखतो. फक्त विषुववृत्तावरची वाहकता घेऊन चालवलेले प्रारूप दररोज बुडबुडे उठवते आणि त्याचा अंदाज म्हणून काही उपयोग होत नाही.

गणनपद्धतीतही फसगत होते. बुडबुड्याच्या भिंतीवर दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात घनता शंभरपट बदलते. साध्या, पहिल्या दर्जाच्या अपविंड पद्धतीने (प्रवाह जिकडून येतो तिकडच्या घराचीच किंमत घेणाऱ्या) ही भिंत काही मिनिटांतच फासटली जाते. बुडबुडा रुंद, बोथट होतो आणि त्याच्या फांद्या कधीच फुटत नाहीत. वरच्या दर्जाची पद्धत तशीच वापरली तर भिंतीलगत खोटे तरंग उठतात आणि घनता ऋण होते, मग गणन तिथेच कोसळते. १९७९ मध्ये झॅलेसॅक यांनी बहुमितीय गणनासाठी मांडलेली प्रवाह-दुरुस्तीची पद्धत आजही वापरात आहे ती यामुळेच. ती गुळगुळीत भागात वरचा दर्जा ठेवते आणि भिंतीशी नेमका तेवढाच प्रसार मिसळते. विभवाच्या समीकरणाचे दुखणे वेगळे. आत-बाहेरच्या वाहकतेत हजारपट फरक पडला की पुनरावृत्तीने उत्तर काढणारी पद्धत अतिशय सावकाश जुळते. घाईने अट सैल केली, तर बुडबुड्याचा वेगच चुकीचा निघतो. अशा वेळी चित्र सुंदर दिसते पण माथ्याची उंची दोनशे किलोमीटरने चुकलेली असू शकते.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. रेखांशाचा ४ अंशांचा, म्हणजे सुमारे ४५० किलोमीटरचा पट्टा, १४०० किलोमीटर उंची, दोन्ही दिशांना १ किलोमीटरची जाळी आणि प्रत्येक चुंबकीय रेषेवर २०० बिंदू घेतले, तर १२ कोटींहून अधिक घरे होतात. प्लाझ्मा सेकंदाला ५०० मीटर वेगाने चढत असेल तर कालटप्पा २ सेकंदांपेक्षा कमी ठेवावाच लागतो, व्यवहारात १ सेकंद. जाळी अर्धा किलोमीटर केली की आडवी घरे चौपट, कालटप्पा निम्मा, म्हणजे काम आठपट. शिवाय पट्ट्याच्या पूर्व-पश्चिम कडा एकमेकींना जोडलेल्या धरल्या जातात. पट्टा अरुंद असेल तर बुडबुडा स्वतःच्याच प्रतिमेशी झगडू लागतो. वरची सीमा ८०० किलोमीटरला ठेवली तर माथा तिथे ठेचकाळतो. असे दोष नकाशात निसर्गाची करामत वाटावी इतके खरे दिसतात, म्हणून ते आधीच तपासून काढावे लागतात.

इतके करूनही एक अंतर उरते. उपग्रह दिशादर्शनाच्या संदेशांत चढउतार घडवणारी रचना किती बारीक असते? १५७५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर आहे. ३५० किलोमीटर अंतरावरून पाहता फ्रेनेल माप, म्हणजे तीव्रतेत सर्वाधिक चढउतार घडवणाऱ्या रचनेचा आकार, २५० ते ३७० मीटर येते. ही रचना १ किलोमीटरच्या जाळीतून निसटणारच. म्हणून प्रारूपातून मिळालेल्या घनतेच्या चढउतारांचा वर्णपट (कोणत्या मापाचे चढउतार किती मोठे, याचा आलेख) घातांक-नियमाने खालच्या मापांपर्यंत वाढवतात, त्यातून लहरीच्या कलेत (फेजमध्ये) बदल करणारा पडदा तयार करतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या संदेशाच्या तीव्रतेचा एस४ निर्देशांक काढतात. हा निर्देशांक एकाच्या जवळ गेला की संदेशाची शक्ती अधूनमधून शंभराव्या हिश्श्यापर्यंत घसरते आणि ग्राहकयंत्राची पकड सुटू शकते. क्षीण चढउतारांत एस४ वारंवारतेच्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. नाविक या भारताच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या ११७६.४५ मेगाहर्ट्झवर तो ०.६ असेल, तर १५७५.४२ वर सुमारे ०.३९ आणि नाविकच्याच २४९२.०३ मेगाहर्ट्झच्या एस बँडवर अवघा ०.१९. चढउतार तीव्र झाले की हा नियम लागू पडत नाही, निर्देशांक एकाच्या आसपास थबकतो.

यंत्रे वापरणाऱ्यांत आढळणारा एक गैरसमज इथेच दूर करावासा वाटतो. दोन वारंवारतांचा ग्राहक असला की आयनांबराची काळजी मिटली, असे मानले जाते. ते फक्त विलंबाबाबत खरे आहे. मार्गावरच्या इलेक्ट्रॉनसंख्येच्या प्रत्येक एककामागे (एक एकक म्हणजे दर चौरस मीटरला १०¹⁶ इलेक्ट्रॉन) १५७५ मेगाहर्ट्झवर १६ सेंटिमीटरची चूक होते. बुडबुड्याच्या भिंतीवर ३० एककांचा फरक पडला तर जवळजवळ ५ मीटरची. ती दोन वारंवारतांनी निघून जाते. पण संदेशच तुटला तर काढायला काही उरत नाही. बुडबुडा आला की खालची वारंवारता आधी तुटते, आणि दुरुस्ती दोन्ही असल्या तरच होते. ड्रोन उडवणारे, जमीन मोजणारे आणि विमानतळावर उतरताना गगन या उपग्रहाधारित दुरुस्ती प्रणालीकडून उंचीचे मार्गदर्शन घेणारे, या सर्वांना त्यामुळे नुसते ‘आज त्रास आहे’ हे सांगून भागत नाही. कोणत्या तासाला, आकाशाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या वारंवारतेवर, हे सांगावे लागते. घनतेचा रंगीत नकाशा त्यांच्या हाती देऊन काही साधत नाही.

सर्वात कठीण प्रश्न बीजाचा आहे. थराच्या तळावरचा पहिला बाक येतो कुठून? खालच्या वातावरणातून, बहुधा मेघगर्जनेच्या ढगांतून वर आलेल्या गुरुत्व तरंगांमुळे, आणि संध्याकाळी तळावर उमटणाऱ्या शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटांमुळे. यातले फारच थोडे त्या क्षणी मोजले जाते. बहुतेक सिम्युलेशन्समध्ये संशोधक स्वतःच बाक घालतात: कुठे ५ टक्के, कुठे त्याहून जास्त. बीज मोठे घातले की बुडबुडा लवकर आणि हमखास उठतो. विज्ञान समजून घेण्यासाठी ते योग्यच आहे, पण अंदाजासाठी घातक. एकच बीज घालून काढलेले ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तर खरे तर बीज निवडणाऱ्याचे असते. उपाय एकच. आजच्या थरावर वेगवेगळ्या आकाराची, लांबीची आणि उंचीची बीजे टाकून प्रारूपाच्या पन्नास-शंभर धावा (स्वतंत्र गणने) घ्यायच्या आणि किती धावांत बुडबुडा थराच्या माथ्याबाहेर गेला ते शक्यता म्हणून सांगायचे. त्यासाठी प्रत्येक धाव जाड जाळीवर घेतली तरी चालते. बारीक जाळी दोन-तीन निवडक धावांना द्यावी.

आणि ‘आजचा थर’ मिळवायचा कसा? इथे मोजमापे कामी येतात. संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान आयनोसोंडवर (रेडिओ लहरी वर सोडून थरांची उंची मोजणाऱ्या यंत्रावर) थराच्या तळाची उंची किती वेगाने वाढते, हा सर्वात थेट पुरावा. पण तळ ३०० किलोमीटरच्या खाली असेल तर सावध राहावे. तिथे रासायनिक क्षयानेच तळ कुरतडला जातो आणि थर न हलताही तो वर चढल्यासारखा दिसतो. ती वाढ जशीच्या तशी ऊर्ध्व वेग म्हणून घातली तर प्रारूप फुगवून अंदाज देते. आधी क्षयाचा वाटा वजा करायचा, मग वेग वापरायचा. दिवसाच्या वेगासाठी तिरुनेलवेली आणि अलिबाग या दोन वेधशाळांतल्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाचा फरक घेतात. तिरुनेलवेली विषुववृत्तीय विद्युतझोताखाली, म्हणजे दिवसा ई थरात चुंबकीय विषुववृत्तालगत वाहणाऱ्या प्रवाहाखाली, आहे, अलिबाग त्याच्या प्रभावाबाहेर. दोन्हीकडे सारखे असलेले बाकीचे प्रवाह वजाबाकीत निघून जातात आणि झोताचे बळ उरते. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवले गेले. त्या दूरदृष्टीमुळे इतकी दीर्घ आणि स्वच्छ नोंदमालिका आज आपल्याकडे आहे.) घनतेच्या उंचीनुसार नोंदी कॉस्मिक-२ च्या सहा उपग्रहांकडून मिळतात. जून २०१९ पासून ते २४ अंशांच्या कलत्या कक्षेत, म्हणजे नेमके याच पट्ट्यावरून, फिरत आहेत.

वादळांबद्दलही थोडे सांगायला हवे. वादळाच्या सुरुवातीला ध्रुवप्रदेशाकडून आलेले विद्युतक्षेत्र ज्या रेखांशावर नेमकी संध्याकाळ असेल तिथला थर एकदम वर उचलू शकते. पण काही तासांनी वाऱ्यांची घडी बिघडते आणि पुढच्या संध्याकाळी थराची चढाई दबते. म्हणजे जगभर लाल इशारा असतानाच इथे एकही बुडबुडा उठत नाही, आणि भूचुंबकीय निर्देशांक तळाला असलेल्या एखाद्या मार्चमधल्या रात्री संदेश तुटत राहतात. केपी या जगभरच्या भूचुंबकीय खळबळीच्या निर्देशांकावरून या पट्ट्यातल्या वापरकर्त्यांना सूचना देणे म्हणून दोन्ही बाजूंनी दिशाभूल करणारे आहे.

आमची मागणी अवाजवी नाही. संध्याकाळी पाचला दिवसाच्या मोजमापांवरून पहिला अंदाज द्यावा आणि साडेसातला, थराची चढाई प्रत्यक्ष दिसल्यावर, सुधारित अंदाज. त्यानंतर पश्चिमेकडे बुडबुडा दिसला की तो सेकंदाला १०० ते १५० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो, म्हणजे तासाला ३६० ते ५४० किलोमीटर. एवढ्यावरून पुढच्या दोन तासांची सूचना देता येते. आयनोसोंडच्या नोंदी पंधरा मिनिटांत सर्वांना खुल्या व्हाव्यात, कारण सात वाजताची उंची दुसऱ्या दिवशी मिळाली तर ती अंदाजासाठी निरुपयोगी ठरते.

आणि प्रत्येक अंदाजाचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर व्हावा. निकाल लावताना नुसती टक्केवारी पुरेशी नाही. समजा हंगामातल्या ३० रात्रींपैकी २४ रात्री बुडबुडे उठले. रोज डोळे झाकून ‘उठणार’ म्हणणाराही ८० टक्के बरोबर ठरेल. म्हणून प्रारूपाची तुलना त्या महिन्याच्या सरासरीशी आणि ‘काल होते तसेच आज’ या साध्या अंदाजाशी करावी, आणि उरलेल्या ६ शांत रात्रींपैकी किती आधी ओळखल्या ते वेगळे सांगावे. सौरवादळाच्या बातमीला आपण जशी जागा देता, तशी या अंदाज-निकालाच्या तक्त्यालाही विषुवदिनाच्या आसपासच्या दोन-दोन महिन्यांत, हवामानाच्या चौकटीशेजारी चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
आयनांबराच्या संगणकीय प्रारूपांवर काम करणारा एक वाचक